सांबार म्हणजे कोथिंबीर

“ताई, सांबार कसा दिला?”

विमलाबाईंनी भाजीच्या ढिगामागून, चष्म्यावरून पाहिलं. “सांबार समोर, उडप्याकडे. वाटी भरून देतो. इथे भाजी मिळते.”

उत्कर्षाने जीभ चावली. वर्ध्याहून पुण्यात येऊन वर्ष होत आलं, तरी घरचा शब्दच आधी ओठांवर यायचा. “कोथिंबीर हो... कोथिंबीर! आणि पाणी मारलेली नको. ओल्या पानांचा श्वास कोंडतो, मग ती कुजतात.”

शेजारी मुळा निवडणारा तरुण एकदम वळला. क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिला.

“पानं श्वास घेतात?”

“तुम्ही घेता ना? तशीच.”

“मी... आत्ता जरा विसरलो होतो,” तो म्हणाला आणि मुळा न घेताच निघाला.

तो आमोद. जवळच्या तांबट आळीत त्याचं भांड्यांचं दुकान होतं, हे तिला आठवड्याने तिथे तपेलं घेताना कळलं. मग खराडीच्या प्रयोगशाळेतून परतताना तिची पावलं त्या ठकठकीकडे आपोआप वळू लागली. कधी झाकण हवं असायचं, कधी पळी. कधी काहीच नको असायचं, आणि तो तेच शोधायला फार वेळ लावायचा.

एक गोष्ट मात्र तिने त्याला सांगितली नव्हती.

इंटरनेटवर ती ‘चिमूटभर सोडा’ या नावाने स्वयंपाकघरातलं विज्ञान लिहायची. पूर्वी, दुसऱ्या शहरात, स्वतःच्या नावाने लिहायची, फोटोही टाकायची. एका वाचकाने त्या फोटोंवरून तिचा बसथांबा ताडला, मग वसतिगृह, आणि एके संध्याकाळी तो फाटकाशी उभा राहिला. रोज राहू लागला. ती शहर सोडून वर्ध्याला घरी परतली, लिहिणंही सोडलं. पुण्यात पुन्हा सुरुवात केली ती वेगळ्या नावाने, वेगळ्या ईमेलवर. चेहरा नाही, गाव नाही, प्रयोगशाळेत चकार शब्द नाही. हे नाव उघडं पडलं तर पुन्हा सगळं सोडावं लागणार होतं.

आणि एका रविवारी तिनेच घोळ घातला. चिंचेने तांबं का उजळतं, यावर लिहिताना लखलखत्या तपेल्याचा फोटो टाकला. दोनच मिनिटांत ‘कल्हई’ नावाच्या नेहमीच्या वाचकाचा खासगी निरोप आला: “फोटो काढून टाका. तपेल्यात खिडकी दिसते आहे आणि समोरच्या दुकानाची पाटी. उलटी आहे, पण वाचता येते.”

तिने तो लगेच काढून टाकला. मग ते तपेलं उचललं आणि तडक दुकान गाठलं.

“याची चमक कमी करता येईल?”

आमोद हसला. “उलटं मागणारं पहिलंच गिऱ्हाईक! अहो, चमक राहू द्या. खिडकीपाशी ठेवू नका म्हणजे झालं.”

खिडकी... तिने तर खिडकीचं नावही काढलं नव्हतं.

तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने हातोडी खाली ठेवली.

“कधीपासून माहीत आहे?” तिने विचारलं.

“सांबारापासून. तुमच्या एका लेखात तो शब्द आला होता, तासाभरात तुम्ही बदललात. पानांचं ते वाक्यही तिथलंच.”

“आणि इतके दिवस बोलला नाहीत?”

“तुम्ही सांगितलं नव्हतंत ना! दोन्ही नावं तुमची. जोडायची की नाही, ते तुम्ही ठरवायचं. आज मात्र... निरोप पाठवल्यावाचून राहवेना.”

ज्याला सगळं ठाऊक होतं, त्याने एक शब्दही वापरला नव्हता. उत्कर्षाची भीती विरघळत गेली आणि तिच्या जागी काहीतरी ऊबदार उरलं. ‘आभारी आहे’ हे शब्द त्यासाठी फारच तोकडे होते.

तिने डोळे पुसले. “मी उत्कर्षा. ‘चिमूटभर सोडा’ मीच लिहिते.”

“काय सांगता!” आमोद उडालाच. “तुम्हीच का त्या? मी नेहमी वाचतो तुम्हाला!”

ती रडता रडता खळखळून हसली.

“आज सांबारवडी करते आहे,” तपेलं उचलत ती म्हणाली. “येशील?”

तो ‘येशील’ ऐकून त्याचा श्वास पुन्हा अडकला. “कोथिंबीरवडी ना?”

“जगासाठी कोथिंबीर. तुझ्यासाठी...”

“सांबार,” तो म्हणाला, अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं.