सतरावं पुस्तक आधी वाचायचं नाही

डोकं दुखतंय म्हणून आलेला माणूस इतकं सुंदर वाचेल, असं मला मुळीच वाटलं नव्हतं.

नोव्हेंबरातली संध्याकाळ होती. राजारामपुरीतल्या आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर क्लासच्या पोरापोरींच्या गाड्यांची गर्दी उसळली होती, आणि तपासणीच्या खोलीतल्या खुर्चीत तो बसला होता. विश्वजित नाव. मूळचा गारगोटीचा, आता हातकणंगल्याकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. दिवसभर प्रयोगशाळेत बारीक आकडे वाचायचे, आणि संध्याकाळी कपाळ धरून बसायचं. त्याच्या शर्टाला उसाच्या रसाचा गोडसर वास होता. मी तो वास दोनदा घेतला. दुसऱ्यांदा मुद्दाम!

मी तेजस्वी. डोळे तपासायचा कोर्स करूनही दोन वर्षं काउंटरवर फ्रेमी विकल्या, तेव्हा कुठे या दिवाळीत दादांनी तपासणीची खोली माझ्या हाती दिली. दादा म्हणजे दुकानाचे मालक, अमरसिंह दादा. त्यांचा नियम साधा आहे. एकाच माणसाचा चष्मा तीनदा परत आला, की तपासणाऱ्यानं खोली सोडायची आणि काउंटरवर जायचं. माझ्याआधीचे दोघे असेच गेले. त्यामुळे त्या खोलीत मी देवळात वागावं तशी वागायचे.

फक्त एक लाड मी स्वतःचा करून घेतला होता. जवळचं वाचायला द्यायचं जुनं कार्ड पिवळं पडलं होतं, म्हणून मी नवं केलं. ‘अवकाशपेठ’ या माझ्या लाडक्या विज्ञानकथामालेतल्या सतराव्या पुस्तकाचा एक सलग उतारा मी पुढं पुढं बारीक होत जाणाऱ्या पाच आकारांत छापून घेतला, आणि वर मालेचं नाव, पुस्तकाचा क्रमांक. चौतीस पुस्तकं झालीत त्या मालेची, अजून वर्षाला एक येतं, आणि कोल्हापुरात ती सगळी वाचलेलं माझ्याशिवाय कुणी मला भेटलं नव्हतं. निदान कार्डावर तरी चार माणसांनी वाचावीत, एवढाच माझा स्वार्थ.

विश्वजितनं लांबचे आकडे धडाधड वाचले. मग मी कार्ड हातात दिलं. तो पहिल्या ओळीपाशी जरा थबकला... आणि वाचू लागला.

“पेठेतले दिवे एकेक करून मालवले. इरानं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर ती गेली नसती.”

पुढचा आकार, त्याच्याही पुढचा, आणि शेवटचा मुंगीएवढा. कुठं अडखळणं नाही, डोळे बारीक करणं नाही. पूर्णविरामाला तर तो मान वर करून माझ्याकडे पाहायचा. मशीननं थोडा प्लस नंबर दाखवला होता, पण मशीनपेक्षा माणसाचं ऐकावं असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी माणसाचं ऐकलं. खरं सांगायचं तर जरा जास्तच ऐकलं, आणि नावापुरता नंबर लिहून मोकळी झाले.

“मॅडम,” कार्ड परत देताना तो म्हणाला, “ही पुस्तकं वाचायची झाली तर सुरुवात कुठनं करायची?”

आजवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बाहेर तीन गिऱ्हाइकं बसली होती, ती बसूनच राहिली.

मी सांगत सुटले. पहिल्यापासून अजिबात सुरू करायचं नाही, तिथंच सगळे मरतात. पहिल्या पुस्तकात ऐंशी पानं नुसतं यान बांधणं चाललंय, लेखकाचा हातही तेव्हा बसायचा होता. सुरुवात सहाव्यापासून. त्यात इरा पहिल्यांदा त्या अवकाशातल्या बाजारपेठेत येते, तिला कुणाची भाषा कळत नाही की चालीरीती कळत नाहीत, म्हणून वाचणारा तिच्याबरोबरच शिकतो. मग ओळीनं अकरापर्यंत. एकदा त्या माणसांवर जीव जडला, की मागं जाऊन पहिली पाच वाचायची. मग ते यान बांधणंही गोड लागतं. चौदावं म्हणजे सुट्या गोष्टी, ते प्रवासाला ठेवायचं.

“आणि सतरावं?” त्यानं विचारलं.

“ते सोळा वाचल्याशिवाय हातसुद्धा लावायचा नाही. इरा का जाते ते ठाऊक नसेल, तर त्या जाण्यात काय जीव राहील?”

तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही... पण माझ्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, “बरं. मग सहावं द्या की.”

तिथून पुढं दर आठवड्याला, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो एक पुस्तक परत आणायचा आणि दुसरं न्यायचा. पुस्तकात कारखान्याच्या कागदाची चिठ्ठी असायची, तिच्यावर प्रश्न. या पेठेत वजन नसतं तर तराजू कसा चालतो? इराला तो दुभाष्या आवडतो हे सगळ्या पेठेला कळतं, मग तिलाच का कळत नाही? मी उत्तरं तोंडी द्यायची, कारण तोंडी द्यायला वेळ लागायचा. मी म्हणाले, काही बायकांना उशिरा कळतं. तो म्हणाला, काही पुरुषांना लवकर कळतं, पण त्यांना बोलता येत नाही. मग आम्ही दोघं फ्रेमींच्या कपाटाकडे बघत राहिलो.

एवढ्या सुखात एकच खडा होता. त्याचं डोकं दुखायचं थांबेना. पंधरा दिवसांनी चष्मा परत आला. मी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच कार्ड, पुन्हा तेच झुळझुळ वाचन. काच बदलून दिली. डिसेंबरात दुसऱ्यांदा आला, तेव्हा दादा दारातच उभे होते.

“तेजस्वी, दोनदा झालं हाय,” ते त्याच्यादेखत म्हणाले. “तिसऱ्यांदा आला तर खोली सोडायची. ठाऊक हाय न्हवं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विश्वजितनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी विचारलं, तेव्हा चष्मा एकदम भारी आहे, डोकं कधी दुखलं होतं तेच आठवत नाही, असं त्याचं उत्तर ठरलेलं. मला बरं वाटायचं. शहाण्या माणसानं संशय घ्यावा इतकं ते उत्तर गुळगुळीत होतं, पण माझा शहाणपणा त्या दिवसांत रजेवर होता.

संक्रांत झाली आणि एका दुपारी मी चहाला बाहेर पडले. रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्यापाशी विश्वजित उभा होता. हातात माझं अकरावं पुस्तक... हात सरळ ताणून, पतंग धरावा तसं लांब धरलेलं. चष्मा खिशात. कपाळावर दुसरा हात.

मी रस्ता ओलांडून थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं घाईघाईनं चष्मा चढवला.

“खोटं बोललात,” मी म्हणाले. “दिसत नाही तुम्हाला.”

“दिसतंय की.”

“मग हे पान वाचून दाखवा. इथं. आत्ता.”

त्यानं पुस्तक जवळ आणलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं. दोन शब्द वाचले, तिसरा अंदाजानं. मला काही कळेना. ज्या माणसानं मुंगीएवढं अक्षर घडाघडा वाचलं, त्याला पुस्तकाचं अक्षर का वाचता येऊ नये? तेच मी विचारलं. चहावाला आकाराम दोन चहा ठेवून, मिश्या पिळत लांब सरकला.

“ते मी वाचलंच नव्हतं,” विश्वजित म्हणाला. “ते मला पाठ हाय.”

मग त्यानं सगळं सांगितलं. लहानपणी त्याच्या अक्कानं कोल्हापुरातून एक जुनं पुस्तक आणलं होतं. कव्हर नाही, पहिली सोळा पानं नाहीत, नाव नाही. गारगोटीत त्याच्या जोडीला दुसरं पुस्तक मिळालं नाही, म्हणून त्यानं तेच पंधरा-वीस वेळा वाचलं. इरा कोण, कुठून आली, का चालली, काहीच ठाऊक नव्हतं. तरी ती जाते त्या पानावर तो दर वेळी रडायचा. माझ्या खुर्चीत बसून पहिले दोन शब्द दिसले, आणि बाकीचं आपोआप तोंडातून बाहेर पडलं. आपण तपासणीला आलोय हेच तो विसरला. पुढच्या वेळीही डोळ्यांआधी तोंडच धावलं. इतक्या वर्षांनी त्याला कळलं होतं, की त्या पुस्तकाला आधी आहे आणि नंतरही आहे.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगणार होतो. पण तुम्ही सतराव्याला हात लावू नका म्हणालात.” तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. “तुम्ही इतक्या मनापासून सांगत होता... मला ते मोडवंना.”

मला हसू येत होतं आणि रडूही. मी इतक्या ठासून सुरुवात सांगत आले, आणि हा माणूस बिनकव्हराच्या सतराव्यातून, सोळा पानं गमावून, आत शिरला होता. माझ्याइतकाच खोल शिरला होता. माझा सगळा नकाशा त्यानं न बोलता खोटा पाडला होता, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दोन महिने हा माणूस माझ्यासाठी डोकं धरून कारखान्यात आकडे वाचत होता.

“मी दुसरीकडनं चष्मा करून घेतो,” तो म्हणाला. “दादांना कळायचं न्हाय. तुमची खोली ऱ्हाईल.”

खोली मला हवी होती. फार हवी होती. पण चुकीचा चष्मा देऊन राखलेल्या खोलीत मी रोज कुठल्या तोंडानं बसणार होते? मी कप ठेवला, त्याचा हात धरला – पहिल्यांदाच – आणि त्याला रस्ता ओलांडून दुकानात आणलं. दादांना सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा आलाय, चूक माझी आहे, मशीन बरोबर होतं.

दादांनी माझा लिहिलेला नंबर आणि मशीनचा नंबर शेजारी ठेवून पाहिले.

“त्याला पाठ हाय हे तुला कसं कळणार हुतं?” ते म्हणाले. “पर नियम तो नियम. एक कर. कुणालाच पाठ नसंल असं कार्ड कर. माझ्यासमोर तपास. शेवटची वळ त्यानं बिनचूक वाचली तर खोली तुझी, न्हाय तर उद्यापास्नं काउंटर.”

मी आत जाऊन लिहायला बसले. पहिली ओळ रंकाळ्यावर. दुसरी उसावर. तिसरी, चौथी अशाच इकडच्यातिकडच्या. पाचवीला पेन थांबलं. मग मी मान खाली घातली आणि जमेल तितक्या बारीक अक्षरात ती लिहून टाकली. दादांनी कार्ड हातात घेतलं, डोळ्यांपासून हातभर लांब धरलं, त्यांचा वाचायचा चष्मा काउंटरवर राहिला होता, आणि “झ्याक हाय” म्हणून परत दिलं.

मी मशीनचा नंबर घेतला, जरा वाढवला, काचा तपासणीच्या फ्रेममध्ये चढवल्या. त्याच्या कानामागं फ्रेम नीट बसवली. दादा दारात हाताची घडी घालून उभे राहिले.

विश्वजितनं चार ओळी वाचल्या. पाचवीपाशी तो थांबला.

थांबलाच.

“दिसंना व्हय?” दादांनी विचारलं.

“दिसतंय.” त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे.

“मग वाच की, पावणं. पोरीची खोली जायला लागलीया.”

तो ताठ बसला. एकेक शब्द सुटा करून, शाळेत उभं राहून वाचावं तसा त्यानं वाचला.

“सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं, म्हणून शेवटच्या ओळीत लिहिते. मला तुम्ही आवडता. मलाही तुम्ही.”

दादांनी हाताची घडी सोडली. ते पुढं आले, त्यांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं, खिशातून भिंग काढलं आणि पाचवी ओळ सावकाश पाहिली.

“बाकी बरोबर हाय,” ते म्हणाले. “ते शेवटचं ‘मलाही तुम्ही’ हितं कुठं लिवलंय?”

“लिहिलं न्हाय,” विश्वजित म्हणाला. “ते माझं हाय.”