रिलीव्हर येईपर्यंत

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती जरा नीटनेटकी तरी लिहिली असती.

सन १९८३. मे महिन्यातली दुपार. हो, दुपारच. रात्रीची वाट बघायला हे भूत रिकामं नव्हतं.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर, महाप्याच्या अलीकडे, रंग बनवणारा एक कारखाना होता. नाव सांगत नाही. आमचे भावोजी, दिनानाथ, तिथं शिफ्ट सुपरवायझर होते. बी.एस्सी. केमिस्ट्री. देवाला हात जोडायचे ते माझी बहीण जयमालाताई बघत असेल तरच.

त्यांना मस्कतला नोकरी लागली होती. त्या दिवशी त्यांचा निरोप समारंभ होता.

जन्म एकाच कारखान्यात काढलेला माणूस मस्कतला निघाला की सहकाऱ्यांच्या पोटात काय होतं, हे नोकरदार वाचकांना सांगायला नको. कॅन्टीनमध्ये शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मॅनेजरसाहेब बोलता बोलता त्यांना 'दीनदयाळ' म्हणाले. कोणी दुरुस्त केलं नाही.

"येताना सोन्याची बिस्किटं आण रे," युनियनचा पंढरी म्हणाला. "आम्ही आहोतच इथं गॅस खायला."

सगळे हसले. भावोजीही हसले. निरोपाला आलेल्यांशी भांडता येत नाही.

आता तिथला एक रिवाज सांगायला हवा.

अशा कारखान्यात शिफ्ट संपली म्हणून कोणी उठून जात नाही. पुढचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन "चार्ज घेतला" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. नोकरी सोडणाऱ्यानं हे शेवटचं एकदा करायचं. पहिल्या दिवशी जिथं उभा राहिला, तिथंच उभं राहायचं. हात पुढे करून "दिला" म्हणायचं. समोरच्यानं हात धरून "घेतला" म्हणायचं. टाळ्या. मग गेटबाहेर.

भावोजींची पहिली जागा होती दोन नंबरची शेड.

ती वर्षभर बंद होती.

तळवलीचा शिवा तिथं मेला होता. जमीन गेली आणि बदल्यात नोकरी मिळाली, त्यांतला एक. त्या दिवशी त्याचा रिलीव्हर आलाच नाही. शिवा नियमाप्रमाणे उभा राहिला. मग गॅस सुटला... बाकीचे पळाले.

शिवा जागेवरच सापडला.

तर त्या शेडचं कुलूप काढून भावोजी आत जाऊन उभे राहिले. बाकीची मंडळी दारातच थांबली. चार्ज घ्यायला पंढरी तेवढा पुढे झाला.

"दिला," भावोजी म्हणाले.

पंढरीनं हात पुढे केला... आणि मागे घेतला.

"एवढी काय घाई, मस्कतवाले? उभा राहा जरा. आम्ही वडे खाऊन येतो."

दारातून हशा उठला. पावलं कॅन्टीनकडे गेली.

भावोजी सरळ चालत गेटबाहेर जाऊ शकले असते. पण सवय हाडात मुरलेली असते. चार्ज दिल्याशिवाय त्यांनी कधी जागा सोडली नव्हती. ते हात पुढे धरून उभे राहिले. आपण मूर्ख दिसतोय हेही त्यांना कळत होतं.

बाहेर कॉम्प्रेसर धडधडत होता.

मग तो ऐकू येईना...

शेडमध्ये वाफ सुटल्यासारखा सुस्कारा आला. आणि तिथल्या सगळ्या पाइपलाइनी तर कापलेल्या होत्या.

मागे कोणीतरी पाय बदलला. गमबुटात पाणी शिरलं की येतो तसा आवाज.

चप्प.

भावोजींनी वळून पाहिलं नाही.

"सायेब..."

चप्प.

"माजा घ्या ना आदी. लय येल उबा हाय. कोनी आलाच नाय."

आणि भावोजींच्या तोंडातून गेलं...

"घेतला."

विचार करून नाही. कोणी नमस्कार म्हटलं की आपण नमस्कार म्हणतो, तसं. इतक्या वर्षांत हजार वेळा म्हटलेला शब्द.

त्यांच्या पुढे केलेल्या हातात एक हात आला. ओला. गरम.

गमबूट त्यांच्या बाजूने निघाले. चप्प... चप्प... दारापर्यंत. कोणी दिसलं नाही.

दारात आवाज थांबला. कोणीतरी हसलं. सुटलेला माणूस मागे राहिलेल्याला हसतो, तसं.

"आता तुमी बगा."

कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला.

भावोजी कॅन्टीनमध्ये आले तेव्हा पंढरीच्या हातात वडा होता. भावोजींनी हात पुढे केला.

"रागावलास काय? बरं दे, घे..."

पंढरीनं हात धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. भावोजींच्या तळहाताकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं. अर्धा शब्द तोंडात होता, तो गिळला.

"राहू दे," पंढरी म्हणाला आणि पाठ फिरवली.

मग एकेक करून सगळ्यांनीच पाठ फिरवली. निरोप समारंभ तिथंच संपला.

भावोजी वाशीला घरी आले. आणि बसेनात.

ताईनं जेवायला वाढलं, उभ्यानं जेवले. रात्री भिंतीला टेकून उभ्यानंच झोपले. दुसऱ्या दुपारी घरातून निघाले ते वॉचमनला बंद शेडसमोर सापडले. त्यांनी त्याला एवढंच विचारलं, "कोणी आलं का?"

मस्कतचं विमान त्यांच्याशिवाय गेलं.

डॉक्टर झाले. ताईनं सांगितले ते देव झाले. आता दाराला बाहेरून कडी असते. आत भावोजी उभे असतात. पाय सुजून खांबासारखे झालेत. तळहात पिवळे पडलेत, धुतले तरी जात नाहीत. घरात कोणी शिरलं की ते हात पुढे करतात.

"दिला," म्हणतात.

माझ्यापुढेही केला होता. मी शिकलेला माणूस आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी चहा नको म्हणालो आणि निघालो.

त्यानंतर तिकडे गेलो नाही.

म्हणून हल्ली ताईच माझ्याकडे येते. डब्यात माझ्या आवडीचं काहीतरी असतं. मी जेवत असताना समोर बसून बघत राहते. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरणारी बहीण.

परवा म्हणाली, "एक शब्द तर म्हणायचाय, बंडू. माझ्या पदरात दोन मुली आहेत."

मी डबा बाजूला सारला.

"तुझं काय," ती अगदी मायेनं म्हणाली, "तुझ्यामागे कोण आहे?"

आज ती बॅग घेऊन आली आहे. राहायला. सोबत भावोजींनाही आणलंय.

बाहेरच्या खोलीत बसा म्हटलं.

ताई तेवढी बसली.