जपानपर्यंत गेलेले पोहे

मुलांनो, जरा कल्पना करा. मोबाइलला अजून बटणं आहेत, इंटरनेट नुकतंच घरोघरी येतंय आणि कर्वेनगरच्या एका शाळेत संगणकाच्या पडद्यावर जपानमधला अख्खा वर्ग बसलाय. दिवाळीनंतर ती मुलं पुण्याला येणार आहेत. तुमच्याएवढी मुक्ताई कॅमेऱ्यासमोर गेली आणि घरी पाहुणे आल्यावर करतात तेच तिनं केलं. पोह्यांची बशी पुढे धरली. "घ्या ना!"

पलीकडची मुलं खो खो हसली.

दुसऱ्या दिवशी कोथरूडच्या एका बातम्यांच्या वेबसाइटवर तेवढाच तुकडा झळकला: 'पुण्याच्या मुलीची जपानी मुलांकडून टिंगल!' झालं! पालक भडकले. मुक्ताई शाळेत येईना. 'असले पाहुणे नकोतच,' अशी कुजबुज सुरू झाली.

मुलांना जपानी शिकवणारी नम्रता तडक त्या वेबसाइटच्या ऑफिसात गेली. जिन्यात चहाचे कप सावरत येणाऱ्या एका तरुणाला तिनं अडवलं.

"अहो, ती क्लिप कापणारा दीडशहाणा कुठे बसतो?"

"सध्या उभाच आहे," तो म्हणाला. "मी तेजस. चहा घेणार?"

"पुण्यात इतक्या लवकर चहा विचारतात?"

"पुण्यात पाहुण्याला न मागता पोहे मिळतात, खरं तर हीच बातमी होती!"

तिला हसू आलं – आणि स्वतःचाच राग आला. वर त्याच्या संगणकावर तिनं शाळेकडचं पूर्ण चित्रण त्याला दाखवलं. हसून झाल्यावर त्या मुलांनी आपापले डबे उघडले होते आणि कॅमेऱ्याला अगदी टेकवून मुक्ताईपुढे घास धरला होता.

तेजसचा चहा निवला.

"मी... इथवर पाहिलंच नाही."

"मोठी माणसं दूतावासात बोलतात, ते निराळं," नम्रता म्हणाली. "इथे दोन देशांची लेकरं बोलत होती. तुम्ही मध्येच दार लावलंत."

"मग उघडू या. आत्ताच."

'काल आम्ही चुकलो,' असं वर स्वतःच्या नावानिशी लिहून त्यानं सगळं चित्रण टाकलं. शेजारी बसून नम्रतानं खाली जपानी ओळी घातल्या.

"जपानी वरून खाली लिहितात ना?" तेजसनं तिच्याकडेच बघत विचारलं.

"हो. पण नजर पडद्यावर ठेवून!"

तेजसनं नजर वळवली... क्षणभरच.

आठवड्याभरात ते चित्रण पुण्यात घरोघरी पोहोचलं आणि जपानमधल्या त्या गावातही. तिथल्या आयांनी पोहे करून फोटो पाठवले! पालकसभेत आता वेगळंच भांडण पेटलं – पाहुणे कुणाच्या घरी उतरणार? मुक्ताई ताठ मानेनं वर्गात परतली.

पुढच्या गप्पांच्या दिवशी वायरी जोडायला तेजस स्वतः आला. जोडून झाल्या, तरी जाईना.

"नम्रता, मला जपानी शिकवशील?"

"माफी मागायला? ती मराठीत मागून झालीय."

"नाही... तुझ्याशी जन्मभर भांडायचं, तर एक भाषा पुरायची नाही."

नम्रतानं उगाचच ओढणी सारखी केली.

"धडे रोज असतात हं. रविवारीसुद्धा."

"चालेल."

"मग... हो," ती हळूच म्हणाली.

जोडणी मात्र केव्हाच सुरू झाली होती. पडद्यावरचा वर्ग श्वास रोखून बघत होता. मग मुक्ताईनं काय केलं असेल? टेबलावरचा माइक उचलून तिनं दोघांच्या मधोमध ठेवला.

"ताई, परत म्हणा. तिकडे ऐकू गेलं नाही."