बिनऔषधाची नळी

"पाच वाजता मला कामावरून काढणार आहेत," मुलगी म्हणाली. "म्हणतात, मी आकडे बनवले."

गुप्तहेर बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेतीन. शेजारी भाचा वही उघडून तयार.

प्रकरण असं. एका एन्झाइमला अडवणारी दोन औषधं. एक मुलीचं, एक तिच्या सीनियरचं. पुढे एकच जाणार. मुलीच्या नोंदीत तिच्या औषधाच्या दहा मात्रांत एन्झाइमचं काम निम्म्यावर यायचं. काल सीनियरने तेच तपासलं, तर पंचावन्न लागल्या. त्याच्या स्वतःच्या औषधाला तीस.

"एकही आकडा खोटा नाहीये हो माझा." नखं कुरतडून तिची बोटं लाल झाली होती.

लॅबमध्ये सीनियर अगदी थंड. "औषध तिच्याच बाटलीतलं. एन्झाइम तेच, तेवढंच. मशीनला काय आपला-परका कळतो?"

स्टोअरवाल्या काकांचं रडगाणं वेगळंच. "एन्झाइम ज्यावर काम करतं, ते त्याचं खाद्य महिनाभर पुरतं. काल एका दिवसात बाटली तळाला. बकासुर आला होता की काय!"

बाईंनी तिन्ही तक्ते मागवले. प्रत्येकाची पहिली ओळ बिनऔषधाच्या नळीची. पूर्ण वेग म्हणजे शंभर. मुलीच्या तक्त्यात पन्नास. सीनियरच्या स्वतःच्या औषधाच्या तक्त्यातही पन्नास. कालच्या तक्त्यात एक्याण्णव.

"मशीन गरम झालं असेल," भाचा म्हणाला. "मावशी, पावणेपाच झाले."

"चल लॅबच्या साहेबांकडे. सगळ्यांना बोलाव."

केबिनमध्ये बाई उभ्याच राहिल्या.

"संगीत खुर्ची समजा, साहेब. एन्झाइम ही खुर्ची. खाद्य आणि औषध, दोघंही तिच्यासाठी धावतात. खाद्याची गर्दी दहापट केली, तर खुर्ची अडवायला औषध जास्त लागणारच."

"गर्दी वाढवली कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"एन्झाइम तेवढंच, औषध नाही, तरी पन्नासाचे एक्याण्णव. खाद्य दहापट केलं की बरोबर एवढाच वेग येतो. बाटली त्यातच संपली. स्वतःच्या औषधाला मात्र यांनी नेहमीचंच खाद्य दिलं."

"मग जोरदार कोणतं?"

"गर्दीचा परिणाम काढून टाकला की उरतो तो के-आय. जितका लहान, तितकं औषध जोरदार. नेहमीच्या खाद्यात एन्झाइम अर्ध्या वेगाने चालतं, तिथे एकात एक मिळवून दोनने भागा. दहापट खाद्यात दहात एक मिळवून अकराने. मुलीचे दहा, पाच झाले. कालचे पंचावन्न, तेही पाच. यांचे तीस, पंधरा."

सीनियर खाली बघत होता. "बारा वर्षं घातली मी त्या औषधात."



साहेब मुलीकडे वळले. "तुझंच औषध पुढे जाईल."

मुलगी उठली. "आईला फोन करून येते. सकाळपासून तिला सांगतेय, सगळं ठीक आहे."