रिकाम्या ड्रमचं वजन

तुम्हाला पटलं नाही तरी चालेल. मलाही पटत नव्हतं. मी बेल्ट आणि पुलीच्या दुकानात बसते, दिवसभर आकडेमोड करते. भूतबित मानणाऱ्यांतली मी नाही. पण हे माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या बाबतीत घडलंय. भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत.

आणि अजून संपलेलं नाही.

दादा एका मोठ्या लाँड्रीत कामाला होता. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल तिथे गाड्या भरभरून यायचे. धुतलेले कपडे सुकवायला लोखंडी ड्रम होते, माणूस आत उभा राहील एवढे मोठे. खाली मोटर, वर ड्रम आणि मधे बेल्ट.

दादा म्हणजे चांगला भरभक्कम गडी. कपडे तोलायच्या काट्यावर रोज एकदा उभा राहायचा आणि ओरडायचा, "एकशे चार! काही घट नाही, माल चोख आहे!"

इस्त्रीवाल्या मावशी म्हणायच्या, "अरे, त्या काट्याची तरी दया कर."

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तो ड्रम साफ करायला आत शिरला. ड्रमच्या भोकांत कापसाची लव अडकते, ती काढायला. मेन स्विच बंद होता.

बाहेर आला, तेव्हा एका पायात बूट नव्हता.

"कुठे गेला?" मावशींनी विचारलं.

"कोणीतरी ओढून घेतला," दादा हसत म्हणाला.

मावशीही हसल्या. मग दोघांनी आत बॅटरी मारून पाहिलं. ड्रम रिकामा होता. आणि ती भोकं एवढी बारीक की त्यांतून करंगळीसुद्धा जाणार नाही.

बूट सापडला नाही... आजपर्यंत.

त्याच आठवड्यात त्या ड्रमचा बेल्ट तुटला. मी नवा पाठवला. तोही तुटला. तिसऱ्या वेळी दादाचा फोन आला. "काय गं, बेल्ट विकतेस की रबरबँड?"

माझ्या मालात कोणी खोट काढलेली मला खपत नाही. मीटर पिशवीत टाकला आणि तडक लाँड्री गाठली.

दुपारची वेळ होती. खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलेलं. मी ड्रम रिकामा करून सुरू करायला सांगितला. मोटर ज्या बाजूने ओढते, ती बेल्टची बाजू ताणलेली असते आणि दुसरी सैल. ड्रम रिकामा असेल तर हा ताण नावापुरताच असतो. इथे मात्र ती बाजू तारेसारखी ताठ झाली होती.

आणि आवाज येत होता.

धप्प...

ड्रमचा एक फेरा.

धप्प...

आत काहीतरी वर जात होतं आणि खाली पडत होतं.

मी ड्रम थांबवला. दार उघडलं. आत काहीच नव्हतं. नुसती गरम हवा आणि... ओल्या चामड्याचा वास.

"बेअरिंग गेलं असेल," मी म्हणाले. बेल्ट उतरवून ड्रम हाताने फिरवून पाहिला. एका बोटाने फिरला. बेअरिंग नव्यासारखं होतं.

मग हिशोबाला बसले. मोटर किती पॉवर घेतेय ते मीटर सांगतो. त्या पॉवरला फिरण्याच्या वेगाने भागलं की टॉर्क मिळतो, म्हणजे फिरवायला लागणारा जोर. टॉर्कला पुलीच्या त्रिज्येने भागलं की बेल्टवर ओढ किती, ते कळतं. शेजारी अगदी तसाच दुसरा ड्रम होता. त्यात मी ओले टॉवेल तोलून तोलून टाकत गेले, दोन्हीकडची ओढ सारखी होईपर्यंत.

बारा किलो टॉवेल लागले.

"म्हणजे या रिकाम्या ड्रममध्ये बारा किलो आहेत?" दादाने विचारलं.

"हिशोब तरी तेच सांगतोय."

"बारा किलो काय?"

वातावरण हलकं करायला दादा नेहमीसारखा काट्यावर चढला.

"एकशे..."

तो थांबला. खाली उतरला. पुन्हा चढला.

"ब्याण्णव," तो हळूच म्हणाला.

आता कुठे माझं त्याच्याकडे नीट लक्ष गेलं. त्याने पँट सुतळीने बांधली होती.

"डाएट करतोयस?"

"कसलं डाएट! दोन माणसांचं जेवतोय गं."

मावशी हातातली इस्त्री तशीच धरून उभ्या होत्या. मला त्या क्षणी कोणी काही विचारलं असतं तर मी रडलेच असते.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. ड्रमचं वजन वाढलं होतं. दादाचं कमी झालं होतं. दोन्ही आकड्यांची बेरीज... एकशे चार.

मी त्याला नोकरी सोडायला लावली. वहिनीने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही, भरपूर खाऊ द्या. तो खात होता. आई समोर बसून भरवत होती. तरी काटा खालीच.

शेवटी मी लाँड्रीच्या मालकाचे अक्षरशः पाय धरले. त्याने ड्रम बंद केला आणि भंगारात घालतो म्हणाला.

त्या दिवसापासून दादाचं वजन थांबलं. वाढलं नाही, पण थांबलं तरी. घर पुन्हा हसायला लागलं. वहिनीने त्याला नवीन पँट शिवायला टाकली.

मग एका सकाळी ती दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"कालपासून पुन्हा उतरतंय," ती म्हणाली.

मी मालकाकडे धावले. त्याने खाली मान घातली. ड्रम त्याने भंगारात घातलाच नव्हता, एका दलालाला विकला होता. दलालाने तो पुढे कोणाला दिला, ते त्यालाही आठवेना. म्हणजे तो ड्रम आता कुठल्यातरी लाँड्रीत फिरत होता. मी कुठे कुठे शोधणार होते? फोन केले, चकरा मारल्या, लोकांनी मला वेड्यात काढलं.

आज दुपारी दुकानात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"ताई, बेल्ट हवा होता. जुना ड्रायर घेतलाय. काय झालंय कळत नाही, रिकामा असला तरी बेल्ट तोडतोय."

मी पुलीचं माप विचारलं. तेच माप. त्यांच्या इलेक्ट्रिशियनने सकाळी मीटर लावला होता, तो आकडा घेतला. त्या ड्रमचं गणित मला तोंडपाठ होतं.

चौसष्ट किलो.

आज सकाळीच वहिनीने दादाला काट्यावर उभं केलं होतं. चाळीस.

"बंद करा तो!" मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"बंदच केलाय की हो, ताई. बेल्टही काढून ठेवलाय."

"मग?"

"तेच तर विचारायचं होतं... तो अजून फिरतोय."

आणि त्याच्या मागून मला तो आवाज ऐकू आला.

धप्प...

फोन कट झाला. मी लगेच उलटा फोन लावला. लागला नाही.

दुकान तसंच उघडं टाकून दादाच्या घरी पळाले. दादा पलंगावर पडून होता. मला बघून म्हणाला, "बरं झालं आलीस. दुपारपासून सगळं गरगर फिरतंय गं. थांबतच नाही."

आई आली. तिने खाली हात घालून त्याला एकटीने उचललं, तान्ह्या बाळाला उचलतात तसं, आणि कुशीवर वळवलं. मग पदर तोंडाशी धरून आत निघून गेली.

दादा माझ्याकडे बघून हसला. "काही घट नाही," तो म्हणाला, "माल चोख आहे."

मी त्याचा हात धरून बसलेय. दुसऱ्या हाताने तो नंबर लावतेय. अजून लागत नाहीये.