गुरुवारचं तळण

माझी थोरली बहीण मुकद्देर, जिला मी आब्ला म्हणजे ताई म्हणते, तिनं उन्हाळ्यात लोकर धुऊन, पिंजून आमच्यासाठी दोन रजया शिवून ठेवल्या होत्या. त्या आणायला नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी मी आणि माझा नवरा नेजाती कुताह्याहून चावदारहिसारला गेलो. ते माझं माहेर. आब्लाचं घर नदीकाठी, जुन्या रोमन पुलाला लागून. तिच्या खिडकीतून त्याच काळातल्या देवळाचे उंच खांब दिसतात आणि त्यांच्यामागे माळावर पडझड झालेलं प्रेक्षागार. त्या दगडी पायऱ्यांवर आम्ही लहानपणी गालिचे वाळत घातलेत, त्यामुळे मला त्यांचं कधी फारसं काही वाटलं नाही. नेजातीला मात्र दर खेपेला ते बघायचं असायचं आणि दर खेपेला राहून जायचं.

आमच्याकडे गुरुवारी दिवस मावळायच्या आत घरोघरी तेल तापवतात. आंबवलेल्या पिठाच्या जाड पुऱ्या तळायच्या आणि शेजारीपाजारी वाटायच्या. पुऱ्या जिवंतांसाठी, त्यांचा वास मेलेल्यांसाठी. शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी आपली गेलेली माणसं दाराशी येतात आणि त्या वासानं तृप्त होऊन परत जातात, असं म्हणतात. ज्या घरातून वास निघत नाही, त्या घरची उपाशी जातात.

नेजातीला मधुमेह आहे. जेवणाआधी त्याला सुई टोचून घ्यावी लागते, आणि ती घेतली की लगेच जेवावं लागतं. नाहीतर साखर उतरते, हातपाय थरथरतात, मग बोलणं असंबद्ध होतं. एकदा आमच्या गल्लीतच तो असा कोसळला होता. डॉक्टर म्हणाले होते, अजून थोडा उशीर झाला असता तर उठला नसता.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आब्ला कढईपाशी उभी होती. “बसा, बसा. पहिली पुरी टाकतेच आहे,” ती म्हणाली. नेजातीनं सुई घेतली. तेवढ्यात शेगडीची ज्योत भपकन मोठी झाली आणि विझली. सिलिंडर संपला होता. आब्लाचा नवरा शाकिर रिकामा सिलिंडर ट्रॅक्टरवर टाकून बाजाराकडे निघाला.

“या घरात आधी मेलेल्यांना जेवण, मग जावयाला,” नेजाती म्हणाला.

“मेलेले निदान कुरकुर करत नाहीत,” आब्ला म्हणाली. “तोवर भाकरी-चीज खा.”

“छे. तुझ्या पुऱ्यांसाठी सकाळपासून भूक राखलीय. शाकिर येईपर्यंत तुमचं ते प्रेक्षागार बघून येतो. सव्वीस वर्षं जावई आहे, लोक विचारतात कसं आहे, तर काय सांगू?”

“सुई घेतलीयस तू,” मी म्हटलं.

“अगं, खिशात साखर असते ना माझ्या.”

तो गेला. आम्ही दोघी रजया बघत बसलो. कापड कुठून आणलं, लोकर कशी निघाली, शेजारणीच्या सुनेचं काय झालं… शाकिर परत आला तेव्हाच खिडकीकडे लक्ष गेलं. देवळाचे खांब दिसत नव्हते. पूल दिसत नव्हता. नदीवरून धुकं चढून अंगणाच्या फाटकाला टेकलं होतं.

“नेजाती कुठाय?” शाकिरनं विचारलं. “आणि माझा कोट?”

खुंटीवर नेजातीचा कोट लटकत होता. बाहेर गारठा म्हणून तो शाकिरचा जाड कोट घालून गेला होता. मी खुंटीवरच्या कोटाच्या खिशात हात घातला. साखरेचे चौकोनी खडे सगळेच्या सगळे तिथेच होते.

शाकिर विजेरी घेऊन पुलाकडे धावला. मी खडे मुठीत घेऊन माळाकडे. आब्लाला म्हटलं, तू घरी थांब, तो आपल्या पायानं आला तर कुणीतरी हवं.

धुक्यात स्वतःचा हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. देवळाला वळसा घालून मी प्रेक्षागाराशी पोचले ते पायांच्या सवयीनं. हाका मारत होते. हाक लांब जातच नव्हती, तोंडासमोरच विरत होती. बोलायचं भान जायला किती वेळ लागतो, याचा हिशेब डोक्यात सारखा चालू होता. आता त्याला घाम फुटला असेल. आता तो कुठेतरी बसला असेल. आता त्याला माझं नाव आठवत नसेल…

आणि मग वास आला. गरम तेलाचा, त्यात फुगणाऱ्या पुरीचा.

मला बरंच वाटलं. म्हटलं, शेगडी पेटली, आब्लानं तळायला घेतलं. वास येतोय तिकडे घर, एवढं तरी कळलं. त्या आधारानं अजून पुढे जावं म्हणून मी नीट अंदाज घ्यायला थांबले. नदीचा आवाज पाठीमागून येत होता. घर नदीकाठी, म्हणजे घरही पाठीमागे. वास समोरून येत होता. समोर प्रेक्षागार संपलं की जुनं कब्रस्तान आहे, त्यापुढे नुसता माळ. तिकडे एकही चूल नाही.

मी वासाच्या मागे गेले. दुसरं काही हातात नव्हतं.

दहा-बारा पावलांवर आवाज ऐकू येऊ लागले. तेलाची चुरचुर. झारा कढईच्या काठावर आपटल्याचा. आणि बायका बोलत होत्या… हळू, कामात गुंतलेल्या बायका बोलतात तशा. शब्द कळत नव्हते. मला आठवतं, मला भीती वाटली नाही. लाज वाटली. लोकांच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरल्यासारखी.

“नेजाती…” मी हाक मारली.

सगळं एकदम थांबलं. चुरचुरसुद्धा. ऐन उकळीतलं तेल असं गप्प होत नाही.

“इकडे ये,” नेजातीचा आवाज आला. “खाली बघून ये, दगड आहेत.”

तो एका आडव्या पडलेल्या कोरीव दगडावर बसला होता. मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. घाम नव्हता. हात थरथरत नव्हते. मी त्याच्या तोंडात साखर कोंबायला गेले तर त्यानं तोंड फिरवलं.

“अगं, जागा नाही पोटात.”

त्याचे ओठ तेलानं चकाकत होते.

घरी आणल्यावर आधी त्याची साखर तपासली. यंत्रावरचा आकडा बघून आब्ला रडायला लागली आणि रडता रडता तिनं त्याच्या खांद्यावर दोन गुद्दे घातले. “निरोगी माणसालासुद्धा इतकी छान साखर नसते, मेल्या.” शाकिर पुलाकडून परतला आणि जमिनीवरच बसला. गडबड ऐकून शेजारच्या दुदू निने काठी टेकत आल्या. नव्वदीच्या असतील. निने म्हणजे आमच्याकडे कुठल्याही घरची म्हातारी.

नेजातीनं सांगितलं ते असं. धुक्यात त्याची वाट चुकली, पाय लटपटायला लागले, खिशात हात घातला तर शाकिरच्या चाव्या. तो बसून राहिला. मग वास आला. पाच-सहा बायका होत्या, पाठमोऱ्या, ओढण्या घेतलेल्या. एकीनं मागे न बघता हात लांब केला आणि त्याला पुरी दिली. मग दुसरी, मग तिसरी.

“खाल्ल्यावर मी रीतीप्रमाणे म्हटलं, तुमच्या मेलेल्यांच्या आत्म्याला पोचो. तर त्या हसल्या. एक म्हणाली, आम्ही मेलेल्यांच्या नावानं नाही करत, बाळा… आम्ही आमच्या जिवंतांच्या नावानं करतो.”

आब्लानं माझा हात घट्ट धरला होता.

“एकच सांग,” दुदू निने म्हणाल्या. “पुरीला मीठ होतं?”

“होतं की. बेताचं, छान.”

निनेंनी मोठा श्वास सोडला. “मग झालं तर. जिन्नांच्या अन्नात मीठ नसतं. ही आपलीच माणसं. आज या घरातून वास निघाला नाही, तर त्यांनी तिकडून काढला. जावई उपाशी कसा जाऊ देतील?”

“बघ,” नेजाती आब्लाला म्हणाला. “माझी काळजी असलेलं एक तरी माणूस आहे तुमच्या घराण्यात.”

आधी शाकिर हसला, मग आम्ही सगळेच. इतके हसलो की निनेंना खोकला लागला. आब्लानं शेगडी पेटवली आणि त्या संध्याकाळी नेहमीच्या दुप्पट पुऱ्या तळल्या. मी त्या गल्लीभर वाटल्या. दारादारांत लोक म्हणत होते, तुमच्या मेलेल्यांच्या आत्म्याला पोचो, आणि मी मनापासून आमीन म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. बसमध्ये रजया मांडीवर घेऊन बसलो. गाव मागे पडल्यावर नेजाती म्हणाला, “अरे, विसरलोच.” त्यानं विजारीच्या खिशातून रुमालात बांधलेली अर्धी पुरी काढली. “तुझी हाक आली तेव्हा जाता जाता एकीनं दिली. म्हणाली, पेरिहानला दे, तिलाच दे. घरी सगळ्यांसमोर काढायला कसंसंच वाटलं.”

“माझं नाव तू सांगितलंस त्यांना?”

“नाही वाटतं… सांगितलं असेल.” आणि तो खिडकीला डोकं टेकून झोपला, घोरायलाही लागला. त्या घोरण्यानं मला वाटलं तितकं निश्चिंत याआधी कधी वाटलं नव्हतं. माझी आई गेली त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, ती त्याच कब्रस्तानात आहे. मी तिला आठवून, बिस्मिल्ला म्हणून पुरीचा तुकडा तोंडात टाकला. तो चावून गिळल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याला काहीच चव नव्हती, मिठाचीसुद्धा.

मी कुणाला बोलले नाही. एकाच कढईतल्या पुऱ्या, त्याच्या तेवढ्या खारट कशा असतील? धावपळीनं माझ्याच तोंडाची चव गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ह्याला आता चार वर्षं झाली. नेजातीची तब्येत उत्तम आहे. माझंही काही दुखत-खुपत नाही, देवाची कृपा. घर आनंदात आहे.

फक्त परवा जेवताना नेजातीनं घास खाली ठेवला. “पेरिहान,” तो म्हणाला, “हल्ली तू मीठ किती घालतेस… तोंडात धरवत नाही.”

मला तर ते अळणीच लागत होतं.