ठिपका वेळेवर पोचतो

"मूल समोरचं माणूस बघून द्यावं, ताई. ठिपक्याच्या हवाली करू नये," असं पाळणाघरातल्या जुन्या मावशींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी हसून मान डोलावली होती. म्हातारं माणूस, नव्या गोष्टींना बिचकणारच.

पालकांच्या या गटात सगळ्यांनाच ती सोय माहीत आहे. लोकेशन सुरू ठेवायचं. आपण ऑफिसातून निघालो की पाळणाघराच्या ॲपमधल्या नकाशावर आपला ठिपका सरकू लागतो, आणि तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी आला की मूल बूट घालून फाटकाशी तयार. खोळंबा नाही, रडारड नाही. मुलाला नेल्यावर ते बंद करायचं असतं. कोण करतं? मी तर आठवडेच्या आठवडे सुरू ठेवलं होतं. मी कधी निघते, कुठे रेंगाळते, घरी किती वाजता पोचते, हे गटातल्या एकेचाळीस घरांना दिसत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मी औषधांच्या वेष्टनांवरची छपाई तपासते. चुकलेला आकडा हुडकणं हेच माझं पोटापाण्याचं काम. म्हणजे खाली दिलेल्या वेळा चुकीच्या नाहीत.

गेल्या आठवड्यात सोमवारी मी सहाला पोचले, तर लेक वीस मिनिटं फाटकाशी उभी. पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, तुमचा ठिपका पाच चाळीसलाच आला होता. मंगळवारी तेच. बुधवारी पाच चाळीसला मी कामाच्या टेबलाशी बसले होते आणि नकाशात मी पाळणाघराच्या फाटकाशी उभी होते.

ॲपच्या मदतकेंद्राला फोन केला. त्यांनी फोन बंद करून चालू करायला सांगितलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. जणू बिघाड माझ्याच डोक्यात होता. नवरा म्हणाला, निदान ठिपका तरी वेळेवर पोचतो. टोमणा मी गिळला. उशीर मला रोज व्हायचा, हे खरंच होतं.

गुरुवारी घरी येताना लेकीने आपणहून सांगितलं, "मघाशी तू काचेतून बघत होतीस."

मी काय म्हणाले, असं विचारलं. काहीच नाही, नुसती बघत होतीस, असं म्हणून ती फरशीच्या रेघा चुकवत पुढे चालू लागली.

शुक्रवारी मी लोकेशन बंद केलं, ॲप काढून टाकलं, वर नवा फोन घेतला. काल सोमवारी बाईंना नकाशा उघडायला लावला. ठिपका होता तिथेच होता. नेटवर्क असेल, जुनी नोंद असेल, तुम्हाला झोप कमी पडत असेल. दर माणसाकडे एक नवं कारण. कानीकपाळी ओरडले, तरी पाच चाळीसला मान वर करून एकदा फाटकाकडे बघावं, एवढं कुणाच्याने होईना. सगळे नकाशातच बघत होते. मावशी असत्या तर त्यांनी बघितलं असतं. पण त्या महिन्यापूर्वीच काम सोडून गेल्या.

शेवटी भांडून आज नवऱ्याला रजा घ्यायला लावली. चारपासून तो लेकीला मांडीवर घेऊन फाटकाच्या आत बाकावर बसला होता.

पाच चाळीसला मी त्याला फोन लावला.

"अगं, फोन कशाला करतेस? समोरच तर उभी आहेस."

मी ऑफिसात आहे, असं सांगितलं. तो हसला.

"पुरे आता. ये, बुटकीला घे. पाय बधिर झालाय माझा."

मागून लेकीचा आवाज आला. "आई आली."

ती घाबरली नव्हती. खूश होती.

मग फोन बंद झाला. त्यानंतर अकरा वेळा लावला. उचलत नाही.

मी टॅक्सीत आहे. पुलावर गाड्या तसूभर हलत नाहीत. पोलिसांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मूल बापाजवळ आहे, बरोबर आई आहे, मग तक्रार नेमकी काय? आई मी आहे, म्हटलं.

म्हणून हे पहिल्यापासून लिहिलं. नुसतं 'आमच्या घरी जा' म्हटलं असतं तर तुम्हीही नेटवर्कवरच ढकललं असतं.

आत्ता ॲप पुन्हा घेतलं. लोकेशन बंदच ठेवलंय. नवऱ्याचा ठिपका घरी पोचलाय.

माझाही.

तुमच्यापैकी कुणी पाण्याच्या टाकीमागच्या पिवळ्या इमारतीजवळ असेल, तर कृपा करून तिसऱ्या मजल्यावर जा. उजवीकडचं दार. बेल वाजवा. माझ्या लेकीला उचला आणि खाली रस्त्यावर घेऊन या.

दार मी उघडलं, तरी थांबू नका.